पहाटेच्या धुक्याचं जपानी चित्र बघायचं कसं

सगळ्यात आधी ते भिंतीवरून खाली घ्या. काचेमागे, ट्यूबलाइटखाली, सोफ्याच्या डोक्यावर टांगलेलं जपानी छापचित्र म्हणजे झाकण घट्ट बसलेल्या बरणीतलं लोणचं. दिसतं सगळं, चव कशाचीच लागत नाही. आजच्या टोकियोला एदो म्हणत, त्या काळी माणसं ही चित्रं हातात धरून बघत, मांडीवर घेत, शेजाऱ्याकडे देत. एक कागद साधारण वाडगाभर सोबा नूडल्सच्या भावात मिळे, असं म्हणतात. म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या बाड्यावर, बाजारातल्या चौकात, उभ्या उभ्या कचोरी खावी, तेवढ्याची गोष्ट. तेव्हा उगाच देवघरात शिरल्यासारखा चेहरा करू नका. हात धुवा, नीट पुसा, कागद दोन्ही हातांनी कडांना धरा आणि खिडकीशी बसा.

आता हे सांगणारी मी कोण? चित्रकलेत मला शाळेत पस्तिसाच्या वर मार्क पडले नाहीत. पण ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, चिटणिसांची गोठ म्हणतात त्या वस्तीपासून चार पावलांवर, आमचा छापखाना होता. सासऱ्यांनी घातलेला. यजमानांना नोकरी बरी वाटली, म्हणून १९८७ पासून मशीन बंद करेपर्यंत तो मी चालवला. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं. मशीन म्हणजे ट्रेडल, आधी पायाचं, मग त्याला मोटर बसवली. त्यामुळे चित्र समोर आलं की बाकीचे लोक विचारतात, हे कोणी काढलं? माझ्या डोक्यात येतं, हे छापलं कसं? आणि धुक्याच्या चित्राला हाच प्रश्न विचारायचा असतो, असं माझं ठाम मत झालंय.

चित्र माझ्याकडे आलं ते भाच्यामुळे. तो ओसाकात नोकरीला. "मावशी, तुला काय आणावं सुचेना, म्हणून छापलेलंच काहीतरी आणलं," म्हणाला. उतागावा हिरोशिगेचं 'मिशिमा, पहाटेचं धुकं'. मूळचं १८३३-३४ च्या सुमाराचं. ते आमच्या नशिबी कुठलं! ही जुन्या चित्रावरून पुन्हा लाकूड कोरून, जुन्याच रीतीनं हातानं छापलेली प्रत. तुमच्याकडे तीही नसेल तर हरकत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर या चित्राचे मोठे, स्वच्छ फोटो आहेत, मोबाइलवर ताणून बघता येतात. फक्त शेवटचं एक काम तेवढं मोबाइलवर जमणार नाही, ते पुढे सांगते.

हिरोशिगेबद्दल थोडक्यात. जन्म १७९७, मृत्यू १८५८. बाप एदोच्या आग विझवणाऱ्या पथकात होता, ते काम वारशानं याच्याकडे आलं. एदोहून क्योतोला जाणारा समुद्राकाठचा हमरस्ता तोकाइदो, लांबी सुमारे ४९० किलोमीटर, वाटेत ५३ मुक्काम. दर मुक्कामाचं एक आणि दोन्ही टोकांची दोन, अशी ५५ चित्रांची मालिका त्यानं केली. मिशिमा हा अकरावा मुक्काम, हाकोनेच्या घाटाखालचं गाव. घाट चढायचा म्हणजे भल्या पहाटे निघायला हवं. चित्रात तीच वेळ आहे.

बघा काय दिसतं. पुढे एक घोळका: घोड्यावर एक जण, डोलीत एक जण, बरोबर डोली वाहणारे आणि घोड्याचा माणूस. थंडीनं अंग चोरलेलं. यांचे कपडे, टोप्या, सामान, सगळं रंगीत आणि काळ्या रेघेनं बांधलेलं. यांच्यामागे झाडं, घरं, मिशिमाच्या देवस्थानाची तोरी, म्हणजे जपानी देवळाबाहेर असते ती कमान, आणि पाठमोरे चाललेले काही वाटसरू. हे मागचे सगळे नुसत्या करड्या-निळसर सावल्या.

माझी नात नऊ वर्षांची. तिनं पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, "आजी, मागच्यांचा रंग खतम झाला होता का?"

मी हसले, पण नंतर वाटलं, इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. सुंदर, शांत, गूढ हे शब्द जरा बाजूला ठेवा. मागच्यांना काय दिलेलं नाही, ते मोजा. रंग जवळजवळ नाही, हे चटकन दिसतं. आणखी काय नाही? डोळे-नाक नाही. कपड्यांवरची नक्षी नाही. आणि हे सगळ्यात उशिरा लक्षात येतं: रेघ नाही. पुढच्या माणसांच्या अंगाभोवती काळी रेघ फिरलीय, मागच्यांच्या अंगाभोवती ती कुठेच नाही.

हे डोळ्यांत भरावं म्हणून एक उद्योग करा. घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्याच असतील, त्यातल्या दोन जाड बघून घ्या. कागदाला न टेकवता, अगदी जवळ धरून, एका पत्रिकेनं पुढचा घोळका झाका. उरलेलं चित्र दोन मिनिटं बघा. सगळं ओलं, पातळ, हातातून निसटणारं. कोण कुठे चाललंय कळत नाही. मग उलटं करा, मागचं झाका आणि घोळका तेवढा ठेवा. आता ही माणसं रद्दीतून कापून घेतल्यासारखी दिसतील. थंडी गेली, पहाट गेली, दुपारचे दोनसुद्धा वाजलेले असू शकतात. दोन्ही पत्रिका एकदम काढा. धुकं परत येतं. म्हणजे ते मागच्या सावल्यांत नाही आणि पुढच्या रंगांतही नाही, दोघांमध्ये जो फरक आहे तिथे ते बसलंय. नातीनं हा खेळ पंधरा वेळा केला, शेवटी पत्रिका माझ्या हातातून काढून घ्यावी लागली.

आता छापखान्यात या. यात रस नसला तरी या, कारण इथेच सगळी मेख आहे.

अशा चित्रामागे चार जण असत. चित्र काढणारा, लाकूड कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक. हिरोशिगेनं काय केलं? पातळ कागदावर शाईनं रेघांचं चित्र काढून दिलं आणि कुठे कोणता रंग ते सांगितलं. तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवायचा आणि रेघा तेवढ्या उभ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. हा झाला रेघांचा ठसा. मग दर रंगाला वेगळा ठसा. आमच्या झिंकच्या ब्लॉकांसारखंच, एक रंग, एक ब्लॉक.

आणि एकाहून जास्त ब्लॉक आले की छापखानेवाल्याची झोप उडते. कारण रजिस्टर. रजिस्टर म्हणजे दुसरा रंग पहिल्यावर बरोबर जागी बसणं. लग्नपत्रिकेवरचा दोन रंगी गणपती तुम्ही बघितला असेल, ज्याच्या सोंडेचा लाल रंग सोंडेबाहेर सांडलेला असतो. त्याला आम्ही म्हणायचो, गणपती घसरला. ट्रेडलवर कागद बसवायला तीन पिना खोचतो, खालच्या कडेला दोन, बाजूला एक. तिन्हींना कागद टेकला की तो दर वेळी त्याच जागी. जपानी ठशावर दोन खाचा असतात. एक कोपऱ्याची काटकोनी, तिच्यात कागदाच्या दोन बाजू टेकतात. दुसरी सरळ, ती लांब बाजूला दुसरा टेकू देते. म्हणजे हिशेब तोच, तीन टेकू. भाच्याने हे मला मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. आमच्या पिना त्यांनी लाकडातच कोरून ठेवल्या होत्या!

आता परत चित्राकडे. काळी रेघ असली की रजिस्टरची केसभर चूक पोटात जाते. रेघ म्हणजे साडीला लावलेली फॉल, आतली वाकडी शिलाई बाहेर दिसू देत नाही. पुढच्या घोळक्याला ही सोय आहे. मागच्या सावल्यांना नाही. तिथे रंगाच्या ठशाची कड हीच झाडाची कड, हाच माणसाचा खांदा. चूक झाली तर झाकायला काही नाही. म्हणून पुढचा माणूस अवघड आणि मागची सावली सोपी असं वाटत असेल तर ते उलटं आहे. भिंग घ्या आणि एका पाठमोऱ्या वाटसरूच्या कडेवरून सावकाश फिरवा. कुठे तुटली आहे, कुठे डबल झाली आहे, शोधा. चांगल्या प्रतीत सापडत नाही.

भिंग हातात आहेच तर एक व्यवहाराची गोष्ट. भिंगाखाली जर निळे, लाल, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसले, तर ती ऑफसेटवर छापलेली नक्कल आहे, कॅलेंडर छापतात तशी. लाकडाच्या ठशात ठिपके नसतात, रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो. ठिपकेवाली प्रत वाईट असं मी म्हणत नाही, आमच्याकडे कित्येक वर्षं तशाच चित्रांवर लोकांनी डोळे तयार केले. पण हातछपाई म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर आधी भिंग काढा.

ठिपक्यांचा मुद्दा इथे आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. गडद रंगाकडून फिक्या रंगाकडे हळूहळू जायचं तर ऑफसेटवाला ठिपके बारीक बारीक करत नेतो. पण ज्याच्याकडे ठिपका नाही आणि ठसा तर सपाट लाकडाचा, तो काय करणार? याचं उत्तर मला फार महागात पडून कळलं.

१९९४ साली एका लग्नघरानं पत्रिकेवर उगवतीचं आकाश मागितलं. खाली केशरी, वर पिवळं, मध्ये एकात एक मिसळलेलं. मी हो म्हणून बसले. ट्रेडलला वरती एक गोल लोखंडी थाळी असते, तिच्यावर शाई लावायची, रोलर तिच्यावरून फिरून शाई उचलतात. मी थाळीच्या एका अंगाला केशरी, दुसऱ्या अंगाला पिवळी शाई लावली. पहिल्या दहा पत्रिका अशा निघाल्या की आमचे मशीनमन दादा म्हणाले, "बाई, आता दिल्लीहून ऑर्डरी येणार." पण थाळी दर छापाला थोडी फिरते. ती फिरावी अशीच मशीनची रचना आहे, नाहीतर शाई सारखी पसरत नाही. चाळिसाव्या पत्रिकेपर्यंत सगळं आकाश चिंचेच्या चटणीच्या रंगाचं झालं. दर दहा छापांनी थाळी पुसायची, परत लावायची, असं करून पाहिलं. दर दहाव्या पत्रिकेला नवीच सकाळ. तीनशे पत्रिका रद्दीत गेल्या, मुलीच्या वडिलांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

जपानी छापणारा दर कागदाला ठशावर रंग नव्यानं लावतो, ब्रशनं. मशीनच नाही, त्यामुळे थाळीही नाही. रंग पाण्यातला, त्यात जरा भाताची खळ. विरत जाणारी छटा हवी असेल तर ठसा ओल्या फडक्यानं भिजवतो किंवा पुसतो, एका कडेला रंग ठेवतो आणि ब्रश आडवा मागे-पुढे नेतो. कडेशी रंग दाट, पुढे पाणी जास्त, त्याच्या पुढे पाणीच. मग ओलसर कागद ठशावर पालथा ठेवून पाठीमागून घासायचा. याला ते बोकाशी म्हणतात. हे सगळं एका कागदासाठी. पुढच्या कागदाला पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ठशाच्या लाकडात या छटेची खूणसुद्धा नसते. लाकूड सपाट. चित्रकारानं दिलेल्या रेघांतही ती नसते. म्हणजे धुकं दाट किती, कुठून विरायला लागलं, कुठे संपलं, हे दर वेळी छापणाऱ्याच्या मनगटानं ठरवलं. एकाच ठशावरच्या दोन प्रतींत धुकं थोडं वेगळं असतं, ते यामुळे. संकेतस्थळांवर दोन संग्रहालयांच्या प्रती शेजारी शेजारी उघडून बघा. एकीत पहाट जरा लवकरची, दुसरीत उशिराची. उशिरा छापलेल्या प्रतींत ठसे झिजलेले असतात आणि कधीकधी घाईत छटाही गाळलेली असते.

बोकाशी बघण्याची माझी रीत अशी. एका सावलीत सगळ्यात गडद जागा शोधा. तिथून नजर फिक्याकडे न्या, सावकाश, मुंगीच्या चालीनं. रंग संपला ती जागा दाखवा, असं स्वतःलाच सांगा. बोट ठेवायला जाल तर कळेल की अजून थोडा आहे. आणखी पुढे जाल तर कळेल की मागेच संपला होता. मला हे अजून एकदाही बरोबर जमलेलं नाही. मग मागच्या आकृत्या जमिनीला कुठे टेकतात, तेही शोधा.

मोकळ्या जागेचं तत्त्वज्ञान, शून्य, ध्यान वगैरे लोक अशा चित्रांबद्दल बोलतात. असेल बाबा. पण तिथवर जायची घाई करू नका. ज्याला तुम्ही मोकळी जागा म्हणता, ती एका माणसानं फडक्यानं पुसून तयार केलेली आहे, हे आधी दिसू दे.

आणि हेही बघा, की जपानी चित्रांत धुकं काही हिरोशिगेनं पहिल्यांदा आणलं नाही. जुन्या चित्रांत आणि पडद्यांवर धुक्याचे लांब आडवे पट्टे असतात, गोलसर टोकांचे, जिलबीवाल्यानं सरळ ओढल्यासारखे. त्यांना स्वच्छ कड असते. एका प्रसंगातून दुसऱ्यात जायला, नको ते झाकायला त्यांचा उपयोग. ती एक सोयीची खूण झाली, तिच्यात ओल नाही. मिशिमाच्या चित्रात पट्टा नाही. तिथे धुकं झाकत नाही, वस्तूंमधूनच पाझरतं.

शब्दाचीही एक गंमत. जपानी कवितेत वसंतातल्या धूसरपणाला कासुमि म्हणतात आणि शरदातल्या धुक्याला किरि. या चित्राच्या नावात आसागिरि आहे, म्हणजे सकाळचं किरि. तर मनात ऋतू शरद धरा, पहाट गारठ्याची. आम्ही ग्वाल्हेरवाले इतका बारीक भेद करत नाही. आमचा तो एकच कोहरा. मराठी घरातसुद्धा 'आज धुकं आहे' असं कोणी म्हणत नाही, 'कोहरा पडलाय' म्हणतात आणि मागोमाग कुठली गाडी किती तास लेट आहे ते सांगतात.

या कोहऱ्याशी माझं वर्षानुवर्षं वैर होतं. हवेतली ओल कागद पितो आणि फुगतो. रात्री एक रंग छापून ठेवलेला गठ्ठा सकाळी दुसऱ्या रंगाला घेतला की गणपती घसरलाच म्हणून समजा. जानेवारीत मी खिडक्यांना फटीसुद्धा ठेवत नसे, गठ्ठे मेणकापडात गुंडाळून झोपवत असे. आणि ही मंडळी कागद मुद्दाम ओला करून छापतात! फक्त ती ओल पहिल्या रंगापासून शेवटच्या रंगापर्यंत सारखी ठेवायची, हे त्यांचं कसब. त्यांच्या धुक्यात पाणी खरंच आहे, कागदात होतं, ब्रशात होतं, फडक्यात होतं. माझ्या तेलकट शाईला हे कधीच साधलं नसतं.

निळ्याकडे थोडा वेळ द्या. हिरोशिगेच्या काळात बाहेरून येणारा एक नवा निळा रंग जपानी छापणाऱ्यांना परवडायला लागला होता. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चुकून सापडलेला म्हणून त्याला ते बेरो म्हणत, म्हणजे बर्लिनचा. आपण प्रशियन ब्लू म्हणतो. पाण्यात अतिशय पातळ करूनही त्याचा जीव जात नाही, दाट असो की फिका, निळा राहतो. वनस्पतींपासून केलेले काही जुने निळे उजेडात लवकर उडत. विरत जाणाऱ्या आकाशाला आणि पाण्याला याच्यासारखा रंग नव्हता. होकुसाई या त्याच काळातल्या चित्रकाराची ती मोठी लाट, जी आता मोबाइलच्या कव्हरांवरसुद्धा असते, तिच्यातही तोच. तरीसुद्धा उन्हात किंवा दिव्याखाली अशी चित्रं सतत ठेवू नका. संग्रहालयंही ती काही आठवडे-महिने दाखवून परत अंधारात ठेवतात. माझी प्रत कपाटात, दोन कोऱ्या कागदांमध्ये असते. काढायची, बघायची, परत ठेवायची.

चित्र बघून झालं की एकदा खरं धुकं बघायला जा. हे मी मनापासून सांगते, कारण यानंतर चित्र निराळंच दिसायला लागतं. आमच्याकडे जानेवारीत सोय घरबसल्या आहे. सकाळी पावणेसातला स्वेटर, त्यावर शाल, त्यावर यजमानांचं मफलर, आणि गच्ची. आमच्या गच्चीवरून उत्तरेला किल्ला दिसतो, म्हणजे एरवी दिसतो. दाट कोहऱ्याच्या दिवशी किल्ला जागेवर नसतोच, त्यात बघण्यासारखं काही नाही, खाली येऊन चहा घ्यावा. कोहरा जरा पातळ झाला, उजेड आला, की मजा. आधी कड्याची वरची ओळ उमटते, खालचं सगळं अजून गायब. जणू तो खडक कशावरच उभा नाही. त्याचा रंग तेव्हा खडकाचा नसतो. किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्याच्या भिंतींवरच्या निळ्या फरशा, पिवळी बदकं, यातलं काही नाही, एक सपाट करडा आकार. बारकाईनं बघा, त्या आकाराला रेघ नाही. इथला करडा संपून तिथला फिका सुरू होतो, तीच कड. जसजसं लांब, तसतसा दोन्हींतला फरक कमी, आणि शेवटी फरकच नाही.

मग गल्लीतून दूधवाला येतो. त्याची लाल टोपी, पितळी किटली, सायकलची चेन, सगळं एकदम लखलखीत, अंगाभोवती कोणीतरी काळ्या शाईनं गिरवल्यासारखं. त्याच्या दहा पावलं मागचा माणूस अजून सावली. मी पहिल्यांदा हे असं बघितलं तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते आणि त्याच गच्चीवर चाळीस वर्षं कपडे वाळत घालत होते.

आग्रा आमच्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तिथल्या धुक्यावर एका जपानी माणसानं खरंच चित्र छापलंय. हिरोशी योशिदा, जन्म १८७६, मृत्यू १९५०. नावं जवळजवळ सारखी म्हणून हिरोशिगेशी गल्लत करू नका, दोघांच्या या चित्रांत जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे. १९३०-३१ च्या सुमाराला तो हिंदुस्थानात हिंडला आणि परत जाऊन ताजमहाल, अजिंठा, वेरूळ, उदयपूर असे ठसे केले. त्यातला पहाटेच्या धुक्यातला ताजमहाल १९३२ चा. मिशिमा नीट बघून झाल्यावर हे चित्र उघडा. संगमरवर आणि धुकं, पांढऱ्यावर पांढरं. मला स्वतःला हिरोशिगे जास्त आवडतो, योशिदा जरा फोटोच्या वाटेनं जातो. पण छापखानेवालीनं त्याला हात जोडायला हवेत. १९२६ मध्ये त्यानं शिडाच्या होड्यांचं एक चित्र केलं आणि त्याच ठशांवर फक्त रंग बदलून सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र छापली. एक प्रत धुक्याचीही आहे. लाकूड तेच. या प्रती शेजारी ठेवून बघितल्या की मी इतका वेळ जे सांगतेय ते मिनिटभरात कळतं.

आणि योशिदाच्या बऱ्याच चित्रांच्या समासात डावीकडे दोन अक्षरांचा एक शिक्का असतो, जिझुरि. म्हणजे स्वतः छापलेलं, स्वतःच्या देखरेखीखाली छापलेलं. चित्रकाराला हे सांगावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. कारण मिशिमाच्या कागदावर काय काय लिहिलंय ते बघा. मालिकेचं नाव, गावाचं नाव, हिरोशिगेची सही, प्रकाशकाची खूण. ज्यानं फडकं हातात घेऊन ही पहाट पुसली, त्याचं नाव नाही. अशा चित्रांवर ते बहुतेक नसेच. आमच्याकडे १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव घालणं सक्तीचं केलं. इंग्रजांनी ते केलं, काही वेडंवाकडं छापलं तर धरायला कोण सापडेल म्हणून. लग्नपत्रिकेच्याही तळाला आम्ही सहा पॉइंटाच्या बारीक टायपात छापखान्याचं नाव टाकायचोच. ते कोणी वाचत नसे. त्या चिंचेच्या आकाशाच्या पत्रिकांवरही ते होतं, मुलीच्या वडिलांनी तेवढं मात्र वाचलं.

आता ते शेवटचं काम, जे मोबाइलवर होणार नाही. कागद पालथा करा.

खिडकीचा उजेड बाजूनं, तिरपा पडेल असं धरा. लाकडी ठशावर कागद ठेवून पाठीमागून ज्या साधनानं घासतात त्याला बारेन म्हणतात. बांबूच्या सोपटात गुंडाळलेली तळहाताएवढी चकती, आत बांबूच्याच तंतूंची पिळलेली दोरी गुंडाळी करून बसवलेली. ती अंगच्या जोरानं, गोल गोल, पुढे-मागे फिरवायची. पाठीमागे रंग थोडा झिरपलेला दिसेल. पुढून जी झाडं, कमान, वाटसरू होते ते इथे उलटे, आणखी फिके. आणि त्यांच्यावर, कागद जरा हलवलात तर, घासल्याच्या बारीक वळणदार खुणा चमकतील. पुढच्या घोळक्याच्या जागी त्या दाट आहेत, एकावर एक. मागच्या सावल्यांपाशी विरळ होत जातात.

माझ्या प्रतीत एका जागी, धुकं संपतं तिथे, तो हात जरा जास्तच रेंगाळलाय. तिथे कागद किंचित गुळगुळीत लागतो. नात म्हणते तिला लागत नाही. तिला अजून दोन वर्षं देऊ.